बंदच्या दिवसांत हाताला काम

२५ मार्च २०२० पासून देश बंद होता. नाक्यावर काम नव्हतं आणि १० बाय १२ च्या खोलीत पाच-सहा माणसं दिवसभर बसली की चिडचिड व्हायचीच. हात चालू राहिले की डोकं जरा शांत राहतं. रेशनची चिंता त्याने जात नाही, हेही खरं.

सुरुवात पाण्याच्या पिंपापासून करा. डेंग्यूचा डास साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला साधारण ८-१० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करा. नुसतं ओतून भागत नाही. अंडी आतल्या कडेला चिकटतात, कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. काथ्याने घासा, वाळवा, मग भरा, वर कापड बांधा. हे काम घरातल्या पुरुषांनी करावं. बायांची कामं बंदमध्ये वाढलीच होती.

२०२० मध्ये १४ एप्रिलला मिरवणूक नव्हती, पण जयंतीआधी भिंतीला चुना मारायला हरकत कसली? कळीचा चुना पाण्यात उकळतो. प्लास्टिकची बादली नको, पोरं लांब ठेवा. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. डोळ्यात उडाला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.

मोरी धुताना ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका. विषारी क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जिवावर बेततं.

दारात तुटका टब असेल तर मेथी पेरा. तीन-चार आठवड्यांत खुडता येते. रंगाचा जुना डबा मात्र त्यासाठी घेऊ नका.