गहाणाचे घर घेताना

आम्ही धान्याचे व्यापारी पोत्यातील नमुना पाहिल्यावाचून भाव करीत नाही. जन्माची पुंजी घालून घर घेताना मात्र ही दक्षता पुष्कळदा राहून जाते.

घर विकल्याने त्यावरील गहाण सुटत नाही. विक्रेत्याने दुकानाच्या कर्जासाठी राहते घर बँकेस तारण दिले असल्यास तो बोजा घराबरोबर नव्या मालकाकडे येतो.

बोजा कसा ओळखावा? दुय्यम निबंधकाच्या कचेरीतील नोंदींचा शोध घ्यावा. परंतु तेवढ्यावर विसंबू नये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८ अन्वये, अधिसूचित शहरांत केवळ मालकीचे मूळ दस्त धनकोच्या स्वाधीन करूनही गहाण होते. त्याची नोंद कचेरीत असेलच असे नाही. म्हणून नकलेवर समाधान न मानता मूळ खत पाहण्यास मागावे. बँकांच्या तारणांची केंद्रीय नोंदवही २०११ पासून आहे. तीही वकिलाकडून तपासून घ्यावी.

बोजा आढळला म्हणून घर सोडावेच असे नाही. बाकी रकमेचे पत्र बँकेकडून लेखी घ्यावे, तेवढी रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता थेट कर्जखात्यात भरावी, आणि मुक्ततेचा लेख व मूळ दस्त मिळण्याची व्यवस्था ठरवूनच खरेदीखत नोंदवावे.

आपले कर्ज फिटल्यावर बँकेने ३० दिवसांत मूळ दस्त परत दिले पाहिजेत. तिच्या दोषाने विलंब झाल्यास प्रतिदिनी ५,००० रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सभासद बंधूंनी ते दस्त आणून जपून ठेवावे. उद्याचा खरेदीदार प्रथम तेच मागेल.