हक्काचा पैसा आणि लोकांच्या नजरा

आपल्या पगारातून दरमहा बेकारी विम्यापोटी 1 टक्का कापला जातो. बहरीनमध्ये 2006 च्या कायदा क्रमांक 78 ने ही योजना आली. आखाती देशांत अशी योजना प्रथम येथेच सुरू झाली. ती केवळ बहरीनी नागरिकांपुरती नाही. परदेशी कामगारही वर्गणी भरतात आणि अटींत बसल्यास त्यांनाही भत्ता मिळू शकतो. तरीही नोकरी गेल्यावर अर्ज करायचा म्हटले की मन कचरते. "सरकारपुढे हात पसरायचा? मंडळात कळले तर?"

असे का वाटते? मदत घेणाऱ्याकडे पाहताना समाज मनातल्या मनात तीन प्रश्न विचारतो. याने आधी काही भरले आहे का? ही वेळ त्याच्या चुकीने आली का? तो काम करायला तयार आहे का? म्हणूनच पेन्शन घेणाऱ्या आजोबांना कोणी फुकटे म्हणत नाही. पण धडधाकट तरुणाने भत्ता घेतला की नाके मुरडली जातात.

आपल्या महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा मोठा विस्तार झाला. तिच्या खर्चासाठी 1975 पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. शहराने कर भरायचा आणि खेड्याने घाम गाळायचा, असा हा व्यवहार. उन्हात खडी फोडून तुटपुंजी मजुरी घेणाऱ्याला आळशी म्हणणे अवघड होते. याउलट 2024 च्या 'लाडकी बहीण' योजनेत दरमहा 1500 रुपये थेट बँकेत जमा होऊ लागले आणि 'फुकट' हा शब्द घरोघरी ऐकू येऊ लागला. सरकारी खर्चावर वाद जरूर व्हावा. पण वार्षिक अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातील बाईला त्यासाठी हिणवणे, ही वेगळी गोष्ट झाली.

आणि आपण? अनिवासी म्हणून भारतातील एन.आर.ई. ठेवीच्या व्याजावर आपल्याला प्राप्तिकर लागत नाही. हीसुद्धा सरकारने दिलेली सवलतच आहे. ती घेताना आपल्याला कोणी फुकटे म्हणत नाही, कारण ती रांगेत उभे राहून घ्यावी लागत नाही. लाज रकमेची नसते, रांगेची असते!

बेकारी भत्ता तर वरील तिन्ही कसोट्यांना उतरतो. त्याच्या मुख्य अटी अशा:

1. पहिल्या अर्जापूर्वी सलग 12 महिने वर्गणी भरलेली असावी.
2. नोकरी स्वतःहून सोडलेली नसावी, तसेच शिस्तभंगावरून गेलेली नसावी.
3. काम करण्याची क्षमता व तयारी असावी आणि कामगार मंत्रालयाकडे नोंद करावी.
4. परदेशी कामगाराचे वास्तव्य कायदेशीर असावे.

2019 च्या दुरुस्तीनुसार भत्ता पगाराच्या 60 टक्के, दरमहा कमाल 1000 दिनार आणि जास्तीत जास्त 9 महिने असा ठरला. आपली खरी अडचण चौथ्या अटीत आहे. आपला व्हिसा नोकरीशी बांधलेला असतो. तेव्हा संकोचात गेलेला प्रत्येक आठवडा महागात पडतो. 'लोक काय म्हणतील' याचा विचार करेपर्यंत परतीच्या तिकिटाची वेळ येते.

नोकरी संपल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटीही मालकाची मेहेरबानी नव्हे. पहिल्या तीन वर्षांसाठी दरवर्षी अर्धा महिना आणि त्यानंतर दरवर्षी एक महिन्याचा पगार, असा हिशेब आहे. मार्च 2024 पासून मालकांनी त्यासाठी दरमहा पहिल्या तीन वर्षांत 4.2 टक्के व पुढे 8.4 टक्के रक्कम सामाजिक विमा संस्थेकडे भरायची आहे. हा आपलाच राखून ठेवलेला पगार होय.

यासाठी आजच तीन कामे करावीत. पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात, आपली वर्गणी नियमित भरली जाते की नाही हे तपासावे आणि कामावरून कमी केल्यास तसे पत्र लेखी घ्यावे. नियम बदलत असतात, म्हणून अर्जापूर्वी मंत्रालयात खात्री करावी.

एखाद्या ओळखीच्या कुटुंबावर अशी वेळ आली, तर चौकशीच्या सुरात "अजून नोकरी नाही का?" असे विचारू नये. "अर्ज केलात का? सोबत येऊ का?" असे विचारावे.