आधी कळ, मग लुळेपणा

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत पोती वाहणाऱ्या हमालाची कंबर धरली, तर तो बाम चोळून दुसऱ्या दिवशी पुन्हा ओझ्याखाली उभा राहतो. बहुतेक वेळा कारणही ओझंच असतं. पण जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण वाढू लागले आणि पुढच्या काही आठवड्यांत संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. बातम्या व्हेंटिलेटरच्या आणि गळून गेलेल्या पायांच्या होत्या. दुखण्याबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. वास्तविक या आजाराच्या ऐन भरात सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना वेदना होतात. साधारण तिघांत एकाची पाठ, कंबर किंवा मांड्या तर ताकद जाण्याआधीच ठणकू लागतात.

राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. दूषित पाण्यातून किंवा अर्धकच्च्या चिकनमधून तो पोटात जातो, जुलाब होतात, थांबतात. मग एक ते तीन आठवड्यांनी खरा घोळ सुरू होतो. या जिवाणूच्या काही वाणांच्या आवरणावरची शर्करासाखळी आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी हुबेहूब जुळते. जिवाणूसाठी घडवलेली प्रतिपिंडं मज्जातंतूंना चिकटतात, मागोमाग रक्तातली पूरक प्रथिनं आणि भक्षक पेशी हल्ला चढवतात. पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या मज्जामुळांना सूज आली, की कंबरेत कळ उठते. पुढे इजा झालेले संवेदी तंतू कारणाविना संदेश धाडत राहतात; मुंग्या आणि आग त्यातूनच. (जुलाब झालेल्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येत नाही. असा जंतुसंसर्ग झालेल्या हजारात जेमतेम एकाला जीबीएस होतो.)

उपचार मोठा गमतीचा आहे. प्रतिपिंडांनी बिघडवलेलं सावरायला प्रतिपिंडंच देतात, हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून गोळा केलेली. वजनाच्या दर किलोला एकूण २ ग्रॅम, सहसा पाच दिवसांत विभागून. मात्र त्यानं कळ लगेच थांबेलच असं नाही. तिच्यासाठी गॅबापेंटिनसारखी वेगळी औषधं लागतात.

पण मज्जातंतूंना चिकटलेली प्रतिपिंडं स्वतःच दुखवू शकतात का? याचं उत्तर लहान मुलांच्या कर्करोग विभागात मिळालं. न्यूरोब्लास्टोमा या मुलांमधल्या कर्करोगाच्या गाठीवर जीडी-२ नावाचा गँग्लिओसाइड असतो आणि त्याच्यावर नेम धरणारं डिनुटुक्सिमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत २०१५ साली मंजूर झालं. पण जीडी-२ वेदनावाहक तंतूंवरही असतो. औषध शिरेतून सुरू होताच मुलं वेदनेनं कळवळतात, म्हणून डॉक्टर मॉर्फिनसारखं वेदनाशामक आधीच सुरू करून ठेवतात.