मागून आवाज आला, म्हणजे शॉकअपच गेले?

तेलगावात लोकनेते सुंदरराव सोळंके कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांना वाट देताना गाडीचं एकेक चाक सारखं साइडपट्टीवर उतरतं. मग एके दिवशी गतिरोधकावर मागून ‘टक्’ आवाज येतो आणि चौकात निकाल लागतो: शॉकअप गेले. जोडी बदलली जाते, पैसे जातात, आवाज राहतो.

शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी आवरणं. ते निकामी झाले की खड्ड्यानंतर गाडी हेलकावत राहते. अंगावरून तेलाचे ओघळ असतील तर ते बदलाच. नुसता तेलकट ओलावा म्हणजे गळती नव्हे. आवाज पुष्कळदा त्यांच्या माथ्यावरच्या झिजलेल्या रबराचा किंवा ढिल्या नटाचा असतो. बारीक खड्ड्यांवर सतत टकटक आली तर आधी तिथं बघा. ब्रेक लावताना किंवा गाडी मागे घेताना एकदाच ‘धप्’ झालं तर संशय अ‍ॅक्सलच्या बुशवर. पाट्यांच्या गाडीत पाट्याचे बुश आणि यू-बोल्ट तपासा.

डिकी दाबून सगळं कळतं, हाही गैरसमज. त्यात पार मेलेला शॉकअप कळतो, फाटका बुश नाही. गाडी जॅकवर घेतली तरी चाक लोंबकळतं, भार बदलतो आणि आवाज लपतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अ‍ॅक्सलच्या बुशचा बोल्ट अशा लोंबत्या अवस्थेत शेवटचा आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर आली की आतलं रबर पिळलेलंच राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो. मेकॅनिक चांगला असला तरी घाईत हे राहून जातं, म्हणून उभं राहून सांगा.

जळकं ऑइल सोडल्यानं आवाज काही दिवस दबेल, पण रबर फुगून खराब होतं. अलाइनमेंटनं तर आवाज जात नाहीच. एका बाजूनं गाडी बसलेली दिसली तर स्प्रिंगचा खालचा वेढा तुटलाय का पाहा. तो बैठकीत दडलेला असतो.

हे सगळं करण्याआधी डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी, जॅक, टॉमी बाहेर काढा, मागच्या सीटचं लॉक बघा, गार सायलेन्सर हातानं हलवून त्याचे रबर तपासा आणि त्याच गतिरोधकावरून सावकाश गाडी न्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीही शिरू नका.