भाकरीतले लोह आणि ताटातले लिंबू

हळद जखम भरते, लसूण हृदयाला जपतो, मेथी साखर उतरवते, आले घसा मोकळा करते. स्वयंपाकघरातल्या डब्यांची ही गुणगाथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. आजीने सांगितली, मासिकांनी छापली, आता तर रोज सकाळी मोबाईलवर येते. ऐकायला बरे वाटते. पण मग एक प्रश्न पडतो. इतके गुण डब्याडब्यांत भरलेले असताना आपल्या घरच्या मुली शाळेतून आल्या की मलूल होऊन का पडतात? दोन जिने चढताना सुनेला धाप का लागते?

या प्रश्नाचा माग काढायला पाबळसारखे दुसरे ठिकाण नाही. नगर रस्त्यावर शिक्रापूरला आत वळले की पाबळ लागते. मस्तानीच्या समाधीमुळे बाहेरच्यांना हे नाव ठाऊक असते. माझे आजोळ याच पट्ट्यातले. पाऊस जेमतेम, म्हणून रोजच्या जेवणात बाजरीची भाकरी, कांदा आणि लसणाची चटणी. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी येथे विज्ञान आश्रम सुरू केला. कलबाग मूळचे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेत डॉक्टरेट, मग म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि पुढे मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात नोकरी. एवढे सगळे सोडून ते खेड्यातल्या मुलांना हाताने काम करत शिकवायला आले. त्यांच्या अभ्यासक्रमात सुतारकाम, वेल्डिंग, शेती यांच्या जोडीला ‘गृह आणि आरोग्य’ हा विभाग होता. त्यात मुले रक्तगट तपासायला आणि हिमोग्लोबिन मोजायला शिकत.

मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. पदार्थ किती गुणाचा, यावर वाद घालत बसण्यापेक्षा तो खाणाऱ्याच्या रक्तात काय उतरले ते मोजा, असा हा सरळ हिशेब.

हा आकडा काय सांगतो? बाईच्या रक्तात हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की तिला रक्तक्षय आहे असे मानतात. गरोदरपणी ही मर्यादा ११ ची. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के या रेषेखाली होत्या. म्हणजे हळदीकुंकवाला दहा जणी जमल्या, तर त्यातल्या पाच-सहा जणी.

आणि बाजरी तर लोहाने भरलेली! १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नसते. मग अडते कुठे? अडते ते पोटात. धान्य-कडधान्यांत फायटेट नावाचे द्रव्य असते. ते लोहाला घट्ट धरून ठेवते, आतड्याला घेऊ देत नाही. खाल्लेल्यातला थोडासाच अंश अंगी लागतो.

उपाय मात्र आहेत, आणि तेही घरचेच. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. काहींना जादा लोहाच्या बाजरीची भाकरी दिली, काहींना साध्या बाजरीची. चार महिन्यांत जादा लोहाच्या भाकरीने शरीरातला लोहाचा साठा वाढलेला दिसला. अशा बाजरीचे ‘धनशक्ती’ हे वाण इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून शेतकऱ्यांपर्यंत आणले.

दुसरी गोष्ट म्हैसूरची. कलबागांनी जिथे काम केले त्याच संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये कांदा-लसणाची परीक्षा केली. धान्याबरोबर हे दोन्ही असले तर शोषणाला मोकळे होणारे लोह ९ ते ६६ टक्क्यांनी वाढले. प्रयोग काचेच्या भांड्यातला होता, माणसाच्या पोटातला नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरी भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा आणि लसणाची चटणी घेणारा शेतकरी शहाणाच म्हणायचा.

सगळ्यात खात्रीचा सोबती म्हणजे आंबट. लिंबू, आवळा, पेरू यांतले ‘क’ जीवनसत्त्व लोहाला फायटेटच्या मुठीतून सोडवते. ते उष्णतेने नासते, म्हणून लिंबू पिळायचे ते ताटात, कढईत नव्हे. मटकीला मोड आणले किंवा पीठ आंबवून आंबील केली की फायटेटच कमी होते. लोखंडी कढईत चिंचेची आमटी केली तर ती काळपट दिसते खरी, पण कढईतले थोडे लोहही तिच्यात उतरते. उलट जेवणावर लगोलग घेतलेला चहा लोहाचे शोषण निम्म्याहूनही खाली आणू शकतो. चहा तासाभराने घ्यावा.

आता मला खरे बोलायचे आहे ते ताटाबद्दल. आजोळी आधी गडी माणसे जेवत, मग मुलगे, मग मुली आणि शेवटी मामी. “मामी, तुम्हाला लिंबू?” असे विचारले की त्या म्हणत, “संपलं बघ. राहू दे, मला काय करायचंय?” भाकरी उरे, चटणी उरे, पालेभाजी आणि लिंबू पंगतीतच संपे. वास्तविक बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते आणि पुरुषाला १९, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. दर महिन्याला जे रक्त जाते त्याची ती भरपाई. म्हणजे जिची गरज सर्वांत मोठी, तिचे ताट सर्वांत शेवटी.

रक्तक्षय झालाच असेल तर नुसत्या भाकरी-लिंबावर विसंबू नये. अन्नाचा गुण सावकाश येतो. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात, जंतांचे औषध सांगितले तर तेही घ्यावे. गोळ्यांनी भरून काढलेले रक्त पुढे टिकवायचे काम मात्र स्वयंपाकघराचे.

तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणी लसणाचे गुण वाचून दाखवले, तर जरूर ऐका. पण त्याच आठवड्यात घरातल्या मुलीचे, सुनेचे आणि सासूबाईंचे हिमोग्लोबिन तपासून घ्या. सरकारी दवाखान्यातही ही तपासणी होते. आणि रात्रीच्या जेवणाला सगळ्यांनी एकदम बसा. लिंबू एकच असेल, तर त्याची पहिली फोड घरातल्या बाईच्या ताटात वाढा.