चाळिशीतला फुलरीन

फुलरीनचा शोध 'नेचर'मध्ये छापून आला नोव्हेंबर १९८५मध्ये. २०२५मध्ये त्याची चाळिशी झाली, पण माझ्या कानावर आली ती फक्त एक जाहिरात: फुलरीन (सी-६०) घातलेलं ऑलिव्ह तेल प्या, आयुष्य वाढेल. हा धंदा उभा आहे २०१२च्या उंदरांवरच्या एका प्रयोगावर. २०२०मध्ये दुसऱ्या गटाने ते तपासलं, तर आयुष्य वाढलं नाहीच. उजेड लागलेलं तेल उंदरांना बाधलं.

ह्यूस्टनमधल्या शोधाची कथा सर्वांना पाठ आहे. क्रोटो, स्मॉली, कर्ल आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ग्रॅफाइटवर लेझर मारला आणि साठ कार्बन अणूंचा रेणू निघाला. १२ पंचकोन, २० षट्कोन, थेट फुटबॉलच. पुढची पाच वर्षं नुसत्या वादाची, कारण हातात चिमूटभरही माल नव्हता.

खरी धमाल १९९०ची. क्रेचमर आणि हफमन यांनी हेलियममध्ये ग्रॅफाइटच्या कांड्या तापवल्या, काजळी बेन्झीनमध्ये ढवळली, द्रव लाल झाला. ससेक्स विद्यापीठात क्रोटोंच्या स्वतःच्या गटाकडेही लाल द्रावण तयार होतं. तेवढ्यात 'नेचर'ने क्रेचमर यांचा निबंध नेमका क्रोटोंकडेच अभिप्रायाला पाठवला! त्यांनी तो छापण्याजोगा ठरवला. ससेक्सच्या वाट्याला एनएमआरमधली एकुलती एक रेष आली: साठही अणू अगदी एकसारख्या जागी. त्या काळात रसायनशास्त्र शिकलेल्या आम्हा लोकांना इतका स्वच्छ पुरावा पुन्हा क्वचितच भेटला.

मग सुरू झाली उपयोगांची घाई. पोटॅशियम मिसळलं की १८ केल्विनला तो अतिसंवाहक होतो, यावर कुणाचं समाधान होईना. वंगण, एड्सवरचं औषध, सगळं यातूनच निघणार होतं. २००१मध्ये बेल लॅब्जच्या श्योनने तर ११७ केल्विनचा दावा केला. पुढच्याच वर्षी त्याची बनवाबनवी उघडी पडली.

१९९६चं नोबेल ह्यूस्टनच्या प्रयोगातल्या तिघांना मिळालं. काजळीतून माल काढून देणारे दोघे बाहेरच राहिले. १९७०मध्येच जपानीत हा रेणू मांडणाऱ्या एजी ओसावांची तर गोष्टच सोडा. एक नोबेल जास्तीत जास्त तिघांनाच, हा नियम ठाऊक आहे, निवड मला अजून पटलेली नाही.

सेंद्रिय सौरघटांतली फुलरीनची जागा नव्या रेणूंनी बळकावली आहे. पेरोव्स्काइट घटांत मात्र त्याचा पातळ थर इलेक्ट्रॉन वाहून नेतो.

क्रोटो ह्यूस्टनला गेले होते ते ताऱ्यांभोवतीच्या कार्बन-साखळ्यांच्या ओढीने. २०१०मध्ये स्पिट्झर दुर्बिणीला मरत्या ताऱ्याच्या वायूत सी-६० सापडलाही. हल्ली संशोधन-निधीच्या अर्जात समाजोपयोगाचा रकाना आधी भरावा लागतो. त्यात क्रोटोंनी काय लिहिलं असतं?