आधी लेबल, मग कार्ड

सकाळी ८

दुकान उघडलं की मी आधी भिंतीच्या प्लगात मल्टिमीटर घालतो. आज २१४ व्होल्ट. आमच्या केशोरी गावाच्या मानाने बरं आहे. धानाची कापणी-मळणी जोरात आहे आणि मळणीचा भुसा उडून सगळ्यात आधी कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसतो. ब्लोअर घेऊन बाहेर ओट्यावर दोन सीपीयू झाडले. एक शाळेचा, एक सेवा केंद्राचा. दोन्ही ‘आपोआप बंद पडते’ म्हणून आले होते. धूळ निघाली, पेस्ट बदलली, चालू झाले. असल्या कामाचे पैसे मागायला मलाच संकोच वाटतो, पण मागतो.

९:३०

स्टुडिओवाला भाऊ मोटारसायकलवर मागे सीपीयू बांधून आला. आमच्याकडे डब्यालाच सीपीयू म्हणतात. मीही आता दुरुस्त करायला जात नाही.

“व्हिडिओ लय अटकते जी. कार्ड आणलं हाय, टाकून देजो.”

त्याची घाई मला समजते. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, सुरू होते, गावोगाव रात्रभर नाटकं चालतात, होळीपर्यंत हंगाम. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचा कारभार वडश्याहून चालतो, पण शूटिंग, जाहिरातीच्या क्लिपा, मधल्या तारखांची लग्नं हे सगळं आजूबाजूच्या पोरांकडे असतं. याने नवा कॅमेरा घेतला. तो एच.२६५ मध्ये रेकॉर्ड करतो. घरचं मशीन मात्र कुठल्यातरी ऑफिसातून निघालेलं, नागपूरहून जुन्यात घेतलेलं: डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०, उभा टॉवर, चौथ्या पिढीचा आय-५. हा प्रोसेसर २०१३-१४ च्या काळातला, आणि एच.२६५ हाताळायची सोय त्याच्या आतल्या ग्राफिक्समध्ये नीटशी नाही. टाइमलाइन सरकवली की चित्र थांबणारच. म्हणजे कार्ड पाहिजे हे त्याचं म्हणणं खरं होतं.

कार्ड कोणतं, ते पिशवीतून निघालं तेव्हा कळलं. जीटीएक्स १०६०, ६ जीबीचं. वडश्याच्या एका दुकानदाराने जुन्यात दिलेलं, आणि सोबत ‘लागलं तर असू द्या’ म्हणून एक पिवळ्या-काळ्या तारांचा जोड.

१०:१५

झाकण उघडलं. आता जे सांगतो ते या धंद्यात रोज सांगावं लागतं, म्हणून जरा सविस्तर.

मदरबोर्डवरच्या लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्याहून जास्त खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, वेगळी तार लागते: सहा पिनची आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. १०६० खातं १२० वॅट, म्हणून त्याच्या कडेला सहा पिनांचा खड्डा आहे. आणि या डेलच्या एसएमपीएसमधून तसली तार निघतच नाही. मुख्य बोर्डाची आठ पिनची, प्रोसेसरची चार पिनची, डिस्कच्या साटा पिना, झालं. ऑफिसात टायपिंग आणि टॅली चालवायला बनवलेलं मशीन. ग्राफिक्स कार्डाची तार देऊन कंपनीने खर्च का वाढवावा?

“मंग हा जोड कायले दिला?”

प्रश्न बरोबर होता. तो जोड साटाच्या पिनेतून वीज घेऊन सहा पिनांना देतो. साटाच्या पिनेत १२ व्होल्टसाठी तीन बारीक पट्ट्या, प्रत्येकीची ताकद दीड अँपिअर. तिन्ही मिळून साडेचार, म्हणजे ५४ वॅट. समोरचा खड्डा ७५ पर्यंत ओढू शकतो. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावून माणूस जेवायला जातो आणि तासभर ती पिन तापत राहते. प्लास्टिक वितळतं, कधी काळं पडून वास येतो. मी त्या जोडाला हात लावला नाही.

११:००

मग लेबल. एसएमपीएस बाहेर काढून आडवा केला. २९० वॅट. भाऊ म्हणाला, “२९० म्हंजे भक्कम की!”

भक्कम आहे, पण एसएमपीएसवरचा मोठा आकडा सगळ्या व्होल्टेजची बेरीज असते. प्रोसेसर आणि कार्ड जगतात १२ व्होल्टवर. तेव्हा लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं आणि बाराने गुणायचं. १६ असतील तर १९२ वॅट. बाजारात ‘४५० वॅट’ असं ठळक छापलेले स्वस्त डबे मिळतात, त्यांचा हा रकाना वाचला की हसू येतं. ऑफिसच्या मशीनचा एसएमपीएस त्या मानाने प्रामाणिक असतो. कमी बोलतो, बोललं ते देतो. फक्त त्याचं वय दहाच्या वर गेलंय. कपॅसिटरांच्या डोक्यावर फुगवटा नव्हता, पंखा मोकळा फिरत होता. ठीक.

हिशेब कागदावर मांडला. प्रोसेसर ८४ वॅट. बोर्ड, रॅम, दोन डिस्क, पंखे धरून चाळीसेक. स्लॉटवरचं कार्ड ७५. दोनशेच्या आत बसतं. १०६० घेतलं तर बेरीज अडीचशेला भिडते आणि तार नाही ती नाहीच.

दुपारी १२:३०

एसएमपीएसच बदलायचा दुसरा रस्ता होता. त्यात अडचण अशी की या मॉडेलच्या बोर्डाला नेहमीची २४ पिनांची तार बसत नाही, कंपनीची स्वतःची आठ पिनांची बसते. एचपीच्या त्याच काळच्या एलिटडेस्कात सहा, लेनोवोच्या थिंकसेंटरात चौदा. जोडतार मिळते, पण ती मागवायची, चांगला एसएमपीएस मागवायचा, आणि एवढा खर्च कशावर? ज्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, त्याच्यावर. मी सरळ नाही म्हटलं. शहरात असतो तर कदाचित ‘लावून बघू, नाही जमलं तर परत’ असं म्हटलं असतं. इथून वस्तू परत करायला वडश्याला जावं लागतं, नाहीतर नागपूरला. त्यात दिवस जातो आणि हंगाम थांबत नाही.

उरलं काय, तर स्लॉटच्याच विजेवर चालणारं कार्ड. जीटी १०३० स्वस्त असतं, ३० वॅट खातं, पण त्यात व्हिडिओ एन्कोड करायचा भागच नाही. एक्स्पोर्ट करणाऱ्याला ते देणं म्हणजे बिनबैलाची बंडी विकणं. १६५० चालतं, पण त्याच्या बऱ्याच नगांना सहा पिन असतात, तेव्हा फोटो पाहिल्याशिवाय घ्यायचं नाही. १०५० टीआय, ४ जीबी, ७५ वॅट, एच.२६५ वाचतं आणि लिहितंही. जुनं झालं, एनव्हिडियाने त्या पिढीचे नवे ड्रायव्हर आवरते घेतलेत. याच्या कामाला अजून पुरेल.

वडश्याच्या दुकानदाराला फोन लावला. थोडं ‘असं कसं’ झालं, मग अदलाबदलीला तयार झाला. कडेला पिनांचा खड्डा नाही असा फोटो मागितला, तो आला. येणाऱ्या गाडीवाल्याकडे पाठवतो म्हणाला.

मग जेवण.

४:००

कार्ड आलं. बसवण्यात सांगण्यासारखं काही नाही. आधी बायॉस नवं करून घेतलं, कार्ड स्लॉटात कट्‌ आवाज येईपर्यंत दाबलं, मॉनिटरची तार बोर्डावरून काढून कार्डाला लावली. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि ‘कार्ड लागलं पण फरक नाही’ म्हणून येतात.

५:३०

प्लगात वॉटमीटर लावून त्याचीच एक लग्नाची क्लिप एक्स्पोर्टला टाकली. नुसतं चालू असताना चाळीसच्या आसपास, एक्स्पोर्टमध्ये १५० च्या पुढेमागे. हा भिंतीकडचा आकडा, एसएमपीएसमधली गळती धरून; आत त्याहून कमीच जातंय. अर्धा तास चालू ठेवलं, तारा हाताला कोमट.

तेवढ्यात शेतीपंपांची वेळ झाली आणि व्होल्टेज १८० च्या घरात आलं. डेलचा एसएमपीएस १०० ते २४० घेतो, त्याला काही वाटलं नाही. दुकानातला यूपीएस मात्र टकटक करत बॅटरीवर गेला. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॅट, ताकद पुरते. पण बॅटरी मेलेली असेल तर एक्स्पोर्ट ९० टक्क्यांवर असताना मशीन बसतं. त्याच्या घरच्या यूपीएसची बॅटरी कधी बदलली ते त्याला आठवेना.

७:००

मशीन पोचवायला मीच सोबत गेलो, कारण त्याच्या स्टुडिओत डब्याला हात लावला की मुंग्या येतात असं तो जाता जाता बोलला होता. प्लगाच्या अर्थमध्ये तार होती, जमिनीत काही नव्हतं. फेज ते न्यूट्रल १९०, फेज ते अर्थ भलतंच काहीतरी. वायरमनकडून कोळसा-मीठ घालून अर्थचा खड्डा करून घे, तोवर रात्रभराचं एक्स्पोर्ट नको, असं सांगितलं.

“कार्डाचे सांगा जी किती झाले.”

कार्डाची अदलाबदल त्याची आणि दुकानदाराची. माझी मजुरी घेतली, यूपीएसची बॅटरी उद्या आणतो म्हणून आगाऊ घेतले, आणि तो साटाचा जोड त्याच्या टेबलावरून उचलून खिशात टाकला.